क्लस्टर: दोरीचं रिंगण, चुंबकाचे खडे आणि अख्खं घर एका डावात

रानजाई

सुट्टीत घर भरलं की दुपारी काय खेळायचं हा प्रश्न येतोच. कॅरमचा बोर्ड गावाला नेता येत नाही. पत्त्यांत धाकटी मंडळी बदाम सातच्या पुढे जात नाहीत आणि मोठ्यांना तेवढं पुरत नाही. बुद्धिबळ दोघांचंच, बाकीचे नुसते बघे. आमच्याकडे ही अडचण एका फ्रेंच खेळाने सोडवली. नाव क्लस्टर. बॉर्डरलाइन एडिशन्सने २०१८ साली काढलेला, रचना पॉला आणि रॉबर्ट हेनिंग यांची. डबीत २४ काळे गुळगुळीत चुंबक आणि एक दोरी. पाठीवरच्या सॅकच्या छोट्या कप्प्यात मावतो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी नियम सांगते. टेबलावर दोरीचं रिंगण करायचं. खडे सारखे वाटून घ्यायचे, म्हणजे दोघं असले तर बारा-बारा, तिघं असले तर आठ-आठ, चौघं असले तर सहा-सहा. पाळी आली की एक खडा रिंगणात ठेवायचा. तो ठेवताना खडे एकमेकांना चिकटले तर चिकटलेले सगळे ठेवणाऱ्याच्या हातात परत. ज्याचा हात आधी रिकामा तो जिंकला. पाच-दहा मिनिटांत डाव संपतो, त्यामुळे हरलेला लगेच "आणखी एक" म्हणतो.

माझ्या सासूबाई हा खेळ फार सुंदर खेळतात. हातातल्या बांगड्या वर सारून ठेवतात, खडा अंगठा आणि दोन बोटांत धरतात आणि टेबलाला जवळजवळ घासत आत नेतात. रिंगणातला एखादा खडा लांबूनच हलकेच वळतो. त्या तिथेच थांबतात, हातातला खडा थोडा फिरवतात, वळलेला खडा परत निवतो, मग पुढे जातात. सोडताना एकेक बोट सुटतं. सगळं घर श्वास धरून बघत असतं.

पण माझा धागा काढण्याचा हेतू वेगळा आहे. हा खेळ "जपून ठेवण्याचा" म्हणून खेळला जातो आणि तिथेच लोक थांबतात. खरा डाव आहे तो पुढच्या भिडूसाठी कुठली जागा उरते याचा. ज्यांच्याकडे हा किंवा असा खेळ आहे त्यांनी आपापले नियम, युक्त्या आणि अनुभव लिहा. कुठल्या पृष्ठभागावर खेळता तेही सांगा. आमच्याकडे त्यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात.

कातळकडा

छान विषय. पृष्ठभागाबद्दल आमचा अनुभव ठाम आहे.

गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा काच असेल तर खडे फार लांबून सरकतात. डाव अवघड होतो आणि लांबतो, कारण सारखं कुणी ना कुणी खडे उचलत असतं. सतरंजीवर किंवा जाड चादरीवर खडा रुतून बसतो, जवळजवळ ठेवता येतात. लाकडी टेबल मधलं. नवख्यांबरोबर सतरंजी, मुरलेल्यांबरोबर ओटा, अशी आमची पद्धत.

लोखंडी पत्र्याच्या टेबलावर मात्र खेळच होत नाही. खडे टेबलालाच चिकटतात. लाकडी टेबलाखाली लोखंडी पट्टी असते तिचाही परिणाम होतो. रिंगण मांडण्याआधी एक खडा हातात धरून पृष्ठभागावरून फिरवा, ओढ जाणवली तर जागा बदला. स्टीलच्या ताटात खेळून बघायचं असेल तर तीच परीक्षा. काही ताटांना चुंबक चिकटतो, काहींना नाही.

केशरबोंडी

आमच्याकडे मूळ खेळ नाही. ऑनलाइन "मॅग्नेटिक चेस" नावाने जो मिळतो तो मागवला. बुद्धिबळाशी काही संबंध नाही, वीस खडे आणि दोरी. नियम तेच. मुलं खूश आहेत.

एक शंका आहे. कधी कधी खडा ठेवताना स्पष्ट जाणवतं की समोरचा ढकलतोय. म्हणजे सजातीय ध्रुव समोरासमोर आहेत, शाळेत शिकल्याप्रमाणे लांब जायला हवा. पण सोडला की पुढच्या क्षणी गर्रकन वळून चिकटतो. असं का?

ध्रुवमत्स्य

केशरबोंडी, फार चांगला प्रश्न. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि चुंबकाच्या धड्याला हेच खडे वर्गात नेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पट्टीचुंबक आपण हातात घट्ट धरून दाखवतो, म्हणून प्रतिकर्षण टिकतं. टेबलावरचा खडा मोकळा असतो. त्याला दोन गोष्टी करता येतात: वळणं आणि सरकणं. समोरचं टोक ढकलत असलं तरी त्याचं दुसरं टोक ओढलं जात असतं. मोकळा खडा वळतो, विजातीय टोक समोर आणतो आणि मग झेपावतो. दोन मोकळे चुंबक जवळ आले की शेवट बहुतेक वेळा चिकटण्यातच होतो तो यामुळे.

आता अंतराचा हिशोब बघा, खेळात तोच कामाचा आहे. खड्यांच्या आकाराच्या मानाने अंतर मोठं असेल तर दोन चुंबकांमधला जोर अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अंतर निम्मं केलं की जोर सोळापट. वळवणारं बल मात्र तिसऱ्या घाताने बदलतं, म्हणजे आठपट. म्हणून लांब असताना खडा आधी वळताना दिसतो आणि सरकणं नंतर येतं. वळणं ही पूर्वसूचना आहे. रानजाई, तुमच्या सासूबाई नेमकी तीच वाचतात.

जागेवर धरून ठेवणारं बल म्हणजे टेबलाशी होणारं घर्षण. ते अंतराने बदलत नाही. समजा तुमच्या टेबलावर दोन खडे सहा सेंटीमीटरवर निवांत आहेत आणि तीन सेंटीमीटरवर आले की झेपावतात. सहा सेंटीमीटरवर त्यांच्यातली ओढ झेपावण्याइतक्या ओढीच्या सोळाव्या हिश्श्याएवढीच होती. म्हणूनच बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. मधली अवस्था फार अरुंद असते.

मुलांना आवडणारी आणखी एक गोष्ट. १८४२ साली सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने सिद्ध केलं की स्थिर चुंबकांना केवळ एकमेकांच्या ओढण्या-ढकलण्याच्या जोरावर स्थिर समतोलात ठेवता येत नाही. चहूबाजूंच्या ओढी अगदी सारख्या असलेली मधली जागा सापडली तरी तिथला समतोल कुठल्या ना कुठल्या दिशेने डळमळीत असतो. तेव्हा रिंगणातले सगळे खडे उभे आहेत ते टेबलाच्या कृपेने.

कातळकडा

म्हणजे आमचा सतरंजीचा नियम शास्त्राला धरून आहे! पण मग हेमटाइटचा दगड म्हणतात ते काय? आमच्या डबीवर तसंच लिहिलंय.

ध्रुवमत्स्य

हेमटाइट हे लोहाचं खनिज, आणि ते इतकं ओढ लावणारं चुंबक नसतं. हेमटाइट म्हणून विकले जाणारे हे चमकदार काळे चुंबक फेराइटचे असतात. लोहाचं ऑक्साइड आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम यांपासून भट्टीत भाजून केलेलं ते सिरॅमिक. जत्रेत दोन लांबट चुंबक हवेत उडवले की चर्रर्र आवाज करत चिकटतात, ते याच जातीचे.

सिरॅमिक म्हणजे फरशीवर पडलं की फुटतं, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र चुंबक होतो. कडा धारदार असतात. फुटलेला खडा डबीत परत ठेवू नका. एक फायदाही आहे: फेराइट गंजत नाही, आणि उन्हात तापून त्याचं चुंबकत्व जात नाही.

वऱ्हाडवाट

हे वाचून जीव भांड्यात पडला. आम्ही उन्हाळ्यात नागपूरहून कोकणात गाडीने जातो आणि खेळ दिवसभर डॅशबोर्डवर तापत असतो. कोकणात गेलं की दमट हवा. तरी खडे जसेच्या तसे आहेत, आता कारण कळलं.

प्रवासातली एक सूचना: चालत्या गाडीत किंवा रेल्वेत हा खेळ जमत नाही. एका धक्क्यात सगळं रिंगण गोळा होतं आणि कुणाच्या पाळीला झालं यावर भांडण. वाटेत थांबू तिथे किंवा मुक्कामी पोचल्यावर काढा.

निशिगंधा

सगळं वाचून आनंद झाला, पण मला सुरक्षिततेबद्दल लिहायलाच हवं. मी रुग्णालयात बालरोग विभागात परिचारिका आहे.

चुंबक गिळणं हे नाणं गिळण्यासारखं नाही. एक नाणं बऱ्याचदा आपोआप बाहेर पडतं. दोन चुंबक, किंवा एक चुंबक आणि एखादी लोखंडी वस्तू वेगवेगळ्या वेळी गिळली गेली, तर ती आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांत असताना एकमेकांना ओढतात. मध्ये आतड्याची भिंत चिमटली जाते, तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल फक्त पोटदुखी सांगतं किंवा उलटी करतं, त्यामुळे घरच्यांना अपचन वाटतं. संशय जरी आला तरी वाट बघायची नाही. उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं आणि चुंबक गिळल्याचा संशय आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं. नाकाच्या दोन्ही पुड्यांत एकेक चुंबक घातलेली मुलंही येतात. मधला पडदा चिमटून तिथे जखम होते.

खेळावर १४ वर्षांवरील असं लिहिलेलं असतं ते बरेच पालक "खेळ कठीण असेल" असं समजून सोडून देतात. युरोप-अमेरिकेतली खेळण्यांची मानकं १४ वर्षांखालील मुलांसाठी असतात. आपल्याकडेही २०२०चा खेळणी गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१पासून लागू झाला, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं झालं, पण तेही १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना. १४+ लिहिलेली वस्तू मोठ्यांची म्हणून विकलेली असते, लहान मुलांच्या खेळण्याच्या कसोट्या तिला लावलेल्याच असतील असं धरून चालू नका. अमेरिकेत लहान शक्तिशाली चुंबकांवरचा नियम २०१६ साली न्यायालयाने रद्द केला आणि २०२२ साली नव्याने करावा लागला. विषय इतका गंभीर आहे.

दहा-बारा वर्षांची समंजस मुलं मोठ्यांच्या बरोबर बसून खेळतात, ते मी समजू शकते. पण घरात रांगणारं किंवा सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर हा खेळ त्या घरात उघडू नका. आणि प्रत्येक डावानंतर खडे मोजा. मूठभर गोळा करून डबीत टाकायचे नाहीत, एकेक मोजून.

आजी-आजोबांना पेसमेकर असेल तर चुंबक छातीपासून निदान १५ सेंटीमीटर लांब हवेत. शर्टाच्या खिशात खडे ठेवायचे नाहीत. मनात शंका असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून मगच बसवा.

रानजाई

निशिगंधाताई, मनापासून आभार. मोजण्याचं काम आमच्याकडे जिंकणाऱ्याकडे असतं. तो मोजतो, हरलेला परत मोजतो, आकडा जुळला की दोरी गुंडाळायची. बाळ असलेली भावजय येते तेव्हा खेळ कपाटातून निघतच नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पिंपळपार

मला एका मुद्द्यावर वेगळं म्हणायचं आहे. रानजाई याला डावपेचाचा खेळ म्हणतायत. मला तो हस्तकौशल्याचा वाटतो. ज्याचा हात स्थिर तो जिंकतो. डावपेच असेल तर तो कुठे, ते उदाहरण देऊन सांगा.

रानजाई

सांगते की.

नवखा भिडू कडेकडेने ठेवत जातो, कारण कड सुरक्षित वाटते. सगळ्यांनी तसंच केलं तर मध्ये मोकळं मैदान उरतं आणि पुढच्याचं काम सोपं होतं. मी पहिल्याच पाळीला मध्यावर ठेवते. त्या एका खड्याने सगळं रिंगण चिंचोळं होतं, आणि तेव्हा ते माझ्यासाठी सोपं असतं कारण बाकी काहीच नसतं. अवघड जागा स्वस्तात मिळते तेव्हाच घ्यायची.

दुसरी गोष्ट, ध्रुवमत्स्य यांनी सांगितलेली ती अरुंद मधली अवस्था. मी खडा अशा अंतरावर ठेवते की शेजारचा वळून थांबतो, पण सरकत नाही. ती जोडी आता काठावर आहे. जवळपास कुणीही आणखी एक खडा आणला की ती फुटते, आणि फोडणाऱ्याच्या हातात दोन नव्हे, तीन-चार खडे जातात. अशा दोन जोड्या रिंगणाच्या दोन बाजूंना लावल्या की समोरच्याला जागाच उरत नाही. फक्त अंदाज चुकला तर तुमच्याच पाळीत फुटते. तेव्हा हात हवाच, पण तो कुठे न्यायचा ते डोक्याने ठरतं.

तिसरं, समोरच्याचा एकच खडा उरला असेल आणि माझे चार, तर मी माझे कमी करायच्या मागे लागत नाही. एकेक पाळी फक्त त्याच्या वाटेतली जागा बिघडवण्यात घालवते. त्याने चार उचलले की डाव परत बरोबरीत.

पिंपळपार

काठावरच्या जोडीचं पटलं. आज रात्री करून बघतो. पण चौघांच्या डावात तुमचा सापळा फक्त पुढच्याच भिडूवर लागतो. तो फुटला की तिसऱ्याला साफ मैदान मिळतं. म्हणजे बसण्याच्या क्रमाला महत्त्व आलं.

रानजाई

अगदी बरोबर! म्हणूनच आम्ही प्रत्येक डावानंतर जागा बदलतो. सासूबाईंच्या नंतर बसायला कुणी तयार नसतं, ते न्याय्य व्हावं म्हणून. चौघांत मी सापळा उशिरा लावते, आधी नाही.

शेवंतीची_आई

इथे लिहावं की नाही असा विचार करत होते. माझ्या बाबांचा उजवा हात आता थरथरतो. पत्ते पिसणं बंद झालं, कॅरम बंद झाला, आणि ते हळूहळू खेळ चालू असताना खोलीत येईनासे झाले. हा खेळ तर स्थिर हाताचा, त्यांच्यासमोर काढावा का असं वाटत होतं.

माझ्या मुलीने मार्ग काढला. दोरी लांब नाडीची केली, रिंगण जवळजवळ दुप्पट मोठं. खाली दुमडलेली सोलापुरी चादर. आणि बाबांसाठी वेगळा नियम: ते मनगट टेबलावर टेकवून, डाव्या हाताचा आधार देऊन ठेवतात आणि त्यांना वेळेचं बंधन नाही. थरथरीने खडा हलतो, पण चादर इतकी धरते की लगेच चिकटत नाही. ते आता जिंकतातही, कारण जागा निवडण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. आयुष्यभर बांधकामाचे नकाशे वाचलेला माणूस आहे.

पिंपळपार यांच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे माझे बाबा.

पिंपळपार

ताई, उत्तर पोचलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

जुईचा_वेल

शेवंतीची_आई, वाचून डोळे भरले. चादरीची युक्ती आमच्या आजीसाठी वापरणार.

आजीवरून सांगते, तिने हा खेळ पाहिल्याबरोबर "हे तर आमचं काचापाणी" म्हटलं. फुटक्या बांगड्यांचे तुकडे जमिनीवर पसरायचे आणि शेजारच्या तुकड्याला धक्का न लावता एकेक सरकवून बाहेर घ्यायचा. त्यात काढायचं, यात ठेवायचं, पण बोट आणि नजर तीच. आजीला एकही नियम दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. तिने एक काचापाणीचा नियम इथे आणला आहे: आपल्या पाळीत नुसता जरी खडा सरकला, चिकटला नाही तरी, एक शिक्षेचा खडा घ्यायचा. फार कडक आहे, पण मुरलेल्यांनी खेळून बघा.

ध्रुवमत्स्य

काचापाणीचा नियम उत्तम आहे. त्याने खेळ पूर्वसूचना वाचण्याचा होतो. वळलेला चालेल, सरकलेला नाही, असं करा.

मुलांना डावाआधी एक गोष्ट करून द्या. खडा दोऱ्याने टांगा आणि स्थिर होऊ द्या. उत्तरेकडे जे टोक येईल तिथे खडूची छोटी खूण करा. सगळ्या खड्यांना खुणा झाल्या की एक डाव खुणा बघत खेळा. खुणा एकाच दिशेला करून दोन खडे शेजारी शेजारी ठेवले तर ढकलतात. एकामागे एक ठेवले तर ओढतात, आणि तेवढ्याच अंतरावर ही ओढ त्या ढकलण्याच्या दुप्पट असते. मुलं स्वतःहून शेजारी ठेवायला लागतात. मग खुणा पुसा आणि बोटांना जाणवतं त्यावर खेळू द्या.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथल्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकांबरोबर बोर्डगेमही घरी नेता येतात. आधी आणून खेळून बघायचं, आवडला तर विकत घ्यायचा. आपल्याकडे सोसायटीच्या वाचनालयांनी असं सुरू केलं तर किती बरं होईल. असा खेळ दहा घरांत फिरला तरी झिजत नाही, फक्त खडे मोजून घ्यायला हवेत.

आमच्याकडे एक नियम पक्का आहे: पाळी नसलेल्यांचे दोन्ही हात टेबलावर, आणि हातातले उरलेले खडे रिंगणापासून निदान एक वीत लांब. टेबलाखाली खडा असलेला हात वरच्या खड्यांना हलवू शकतो. मुद्दाम कुणी करत नसेल, पण नकळतही होतं.

केशरबोंडी

ध्रुवमत्स्य सर, शंका फिटली. आज टांगून खुणा केल्या. आमच्या वीस खड्यांतले काही एकदम ढिले निघाले, दुसऱ्याला धड ओढतही नाहीत. ते वेगळे काढावेत का? आणि दोरी आमच्या मांजराने नेली. दुसरी कोणती चालेल?

रानजाई

ढिले खडे काढू नका, सगळ्यांना सारखे वाटून द्या. कुठला ढिला आणि कुठला जोरकस हे लक्षात ठेवणं हाही डाव होतो. मी जोरकस आधी ठेवते, रिंगण रिकामं असताना, आणि ढिला शेवटच्या अडचणीच्या जागेसाठी राखते.

दोरीसाठी सुती नाडी घ्या, आतून भरीव असलेली. सुतळी नको, तिच्या कुसांना खडा अडकतो. इलॅस्टिकही नको, रिंगण आक्रसतं. गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा. आणि गोलच करायला हवं असं नाही. दोघांत खेळताना मध्ये चिमटलेलं, इंग्रजी आठासारखं रिंगण करून बघा. दोन्ही पोटं भरली की त्या गळ्यापाशी कोण जाणार यावर सगळा डाव येतो. पिंपळपार, तुम्ही आणि शेवंतीच्या आजोबांनी या रिंगणाचा डाव मांडलात तर इथे कळवा, कोण गळ्यापाशी अडकलं ते मला वाचायचं आहे.